तीन मापं पीठ कुणी मळायचं?

प्रिय अक्का,

प्रभूच्या नावानं सलाम. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, पंचावन्नीची. आमचे हे शाळेतून निवृत्त झालेत, मंडळीच्या कमिटीवर आहेत. माणूस देवासारखा, खरं कुणाला नाही म्हणता येत नाही. स्टँडवर शेवटची बस चुकलेला कुणी दिसला की घरी घेऊन येतात. आजवर मी तोंड वाकडं केलं नाही.

या पावसात आमच्या घरामागच्या बांधकामावर मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाल्याचं पाणी शिरलं. हे रात्री छत्री घेऊन गेले आणि एका कुटुंबाला घेऊन आले. यादगीरकडचे आहेत. नवरा-बायको, चार वर्षांची पोरगी आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ, अठरा-एकोणीसचा. आता तिसरा आठवडा चाललाय. सगळे सोप्यात झोपतात. आमची न्हाणी आणि संडास परड्यात. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, रात्री-अपरात्री ड्यूटीवरून येते, तिला त्या झोपलेल्या माणसांमधूनच जावं लागतं. ती काही बोलत नाही, खरं आता बेळगावला मावशीकडं राहते म्हणायला लागलीय. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं मीच बघते. सकाळी उठल्यापासून नुसत्या भाकऱ्या थापते. ती बाई भांडी घासायला पुढं येते, मीच नको म्हणते, पाहुण्याला काम कसं सांगायचं? सासूबाईंच्या समाधानासाठी या पाहुण्यांच्या कप-ताटल्या तेवढ्या वेगळ्या ठेवल्यात.

शेजारी म्हणतात, आपल्या पोरांना खोल्या मिळेनात आणि तुम्ही कानडी माणसं घरात भरताय, एक दिवस घर धुऊन नेतील. मी ह्यांना म्हटलं, निदान आधार कार्ड तरी बघा. तर म्हणाले, "अब्राहामानं आधार कार्ड मागितलं होतं काय?" वर पेत्राचं वचन, कुरकुर न करता पाहुणचार करा. माझा विश्वास कमी पडतो काय? त्यांना जा म्हटलं तर पाप लागेल काय?

– एक भगिनी

ताई, सलाम.

पाप लागणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पत्रातल्या एका गोष्टीवरून मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. ते ओघात येईलच.

यजमानांनी अब्राहामाचं नाव काढलंय, तर उत्पत्तीचा अठरावा अध्याय उघडूनच बसू. भर दुपारची वेळ, मम्रेच्या झाडांपाशी तंबू, अब्राहाम दारात बसलेला. मान वर करून बघतो तो समोर तीन माणसं उभी. म्हातारा धावत सुटतो. पाय धुवायला पाणी मागवतो, झाडाखाली टेका म्हणतो आणि थोडीशी भाकर आणतो म्हणतो. थोडीशी म्हणून प्रत्यक्षात काय होतं बघा. कोवळं वासरू कापलं जातं, दही-दूध येतं आणि साहेब तंबूत शिरून साराला सांगतात, लवकर तीन मापं सपीठ घे, मळ आणि भाकरी कर. ते एक माप साधारण सात लिटरचं. तिन्ही मिळून वीस लिटरच्या वर गेलं. लग्नकार्यात पाण्याचे मोठे जार येतात ना, तसला एक जार काठोकाठ पिठानं भरायचा. आणि पाहुणे किती, तर तीन! सारा तेव्हा नव्वदीच्या घरात. आपल्याकडं या अध्यायावर उपदेश झाला की अब्राहामाच्या धावण्यात अर्धा तास जातो. त्या उन्हात विस्तवापुढं बसलेल्या बाईपर्यंत उपदेशक पोचेपर्यंत शेवटचं गीत सुरू होतं.

पाहुणे मात्र पोचले. जेवण झाल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं? "तुझी बायको सारा कुठं आहे?" पुढं जो निरोप दिला तोही तिच्याबद्दलचा, तिला मुलगा होईल हा. ती दाराआड उभी राहून ऐकत होती आणि मनातल्या मनात हसली. तुमच्या यजमानांना ज्या तीन पाहुण्यांचा दाखला द्यायचाय, त्यांनी आल्या घरी राबणारीची चौकशी केली, एवढं त्यांच्या नजरेला आणून द्या.

याच अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या सहसा कुणी वाचत नाही. पाहुणे झाडाखाली जेवले आणि अब्राहाम त्यांच्यापाशी उभा राहून वाढत होता. म्हणजे वाढप्याचं काम घरधन्यानं स्वतः केलं. दुसरी गोष्ट, ते त्याच दिवशी पुढं निघाले आणि तो त्यांना वाटेला लावायला बरोबर चालत गेला. आधार कार्ड मागितलं नाही हे कबूल. पण आठवड्यामागून आठवडे तंबूत झोपवलंही नाही.

आता पेत्राचं वचन. पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, नववी ओवी. कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. तुमच्या घरी या वचनाचा अर्थ असा झालाय की पाहुणचार एकानं करायचा आणि कुरकुर दुसरीनं करायची नाही. पेत्रानं हे मंडळीतल्या सगळ्यांना लिहिलं होतं, बायकोला गप्प बसवायला कुणाच्या हातात दिलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरचा किस्सा मार्कानं पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलाय. सभास्थानातून बाहेर पडून येशू, याकोब, योहान सगळे पेत्राच्या घरी गेले. घरात सासू तापानं पडलेली. लोकांनी लगेच तिच्याबद्दल येशूला सांगितलं, त्यानं हात धरून तिला उठवलं, ताप निघाला, आणि मग ती त्यांना वाढायला लागली. क्रम लक्षात घ्या. आधी घरातलं आजारी माणूस, मागाहून पाहुण्यांची पानं. तुमच्याकडंही अंथरुणाला खिळलेली सासू आहे आणि तिचं उचल-ठेव करणारी तुम्ही एकटी आहात. यजमानांना अतिथिसेवेची एवढी ओढ आहे तर सकाळचं सासूबाईंचं अंग पुसणं आणि चहा-नाश्ता उद्यापासून त्यांच्याकडं द्या. त्यांची ती आईच आहे.

मुलीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. पत्रात तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत, पण दुखणं तिथंच आहे. ती काही बोलत नाही आणि मावशीकडं जाते म्हणते, याचा अर्थ ती बोलून झालीय. तो अठरा-एकोणीसचा पोरगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. बहुधा तोही बिचारा पांघरूण डोक्यावर ओढून, मालकाची पोरगी जाईपर्यंत श्वास धरून पडत असेल. पण परक्या पुरुषांच्या अंथरुणांमधून रात्री वाट काढत जाणं ही तिनं सोसायची गोष्ट नाही. पाहुण्याला घर मिळावं म्हणून घरच्या लेकीनं घर सोडायचं, हा कसला हिशेब?

आणि अब्राहामाच्या पुढच्याच अध्यायात त्याचा पुतण्या लोट आहे. तोही सदोमाच्या वेशीत बसलेला, तोही परक्यांना आग्रह करकरून घरी नेतो. रात्री गावातले पुरुष दाराशी जमतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, तेव्हा लोट बाहेर येऊन स्वतःच्या दोन मुली त्यांच्यापुढं करायला निघतो. हा अध्याय उपासनेत वाचताना आपल्याकडं आवाज खाली जातो. त्या वेळी काय घडतं? त्याच पाहुण्यांनी हात लांब करून लोटाला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. म्हणजे पवित्र शास्त्रात दार उघडणारे आहेत तसे दार लावणारेही आहेत, आणि इथं ते लावणारे देवदूत होते. पाहुणचाराची किंमत घरातल्या पोरींनी मोजायची, हे त्या पाहुण्यांनाच मान्य नव्हतं.

म्हणून आज रात्रीपासून सोप्यातली झोपायची व्यवस्था बदला. कशी, तर राजांच्या दुसऱ्या पुस्तकात चौथ्या अध्यायात शूनेमची एक बाई भेटते. अलीशा संदेष्टा त्या वाटेनं जायचा-यायचा, तिनं आधी जेवायला आग्रह केला, मग त्याचा येण्या-जाण्याचा परिपाठच पडला. तेव्हा तिनं नवऱ्याशी बोलून ठरवलं की गच्चीवर याला एक लहानशी भिंतीची खोली बांधू. त्यात पलंग, मेज, आसन आणि दिवा ठेवू. मला ही यादी फार आवडते. कारण ती गृहिणीची यादी आहे. पाहुणा कधीही आला तरी घर ढवळून निघू नये आणि त्यालाही अवघडल्यासारखं होऊ नये, याचा विचार तिनं केलेला दिसतो. आणि नवरा-बायकोचं आधी बोलणं झालेलं दिसतं, जे तुमच्याकडं त्या छत्रीच्या रात्री झालं नाही. पावसात तसं बोलत बसायला वेळ नव्हता, हेही खरं. पण त्यानंतर दोन रविवार गेले की.

तुमच्याकडं परडं आहे म्हणजे जळणाची खोप नाहीतर रिकामा गोठा असेल. खानापूरकडच्या घराला ते नसलं तरच नवल. त्याची एक बाजू मोकळी करा. खाली वाळू टाकून फरशीचे तुकडे बसवा, वर ताडपत्री, आतून लागणारी कडी, एक बल्ब आणि बाहेर चुलीला जागा. पाऊस तुमच्याकडं गणपतीपर्यंत उसंत देत नाही, तेव्हा जमीन उंच करूनच घ्या. यजमान आणि ते दोघे भाऊ मिळून एका सुट्टीत हे करतील. ते तर बांधकामावरचेच हात आहेत. आणि तोवर धाकट्याला मंडळीच्या हॉलमध्ये झोपू द्या. उपासना आणि महिला मंडळाची सभा सोडली तर तो हॉल कुलूप लावून पडलेला असतो. किल्ली कमिटीकडं असते, आणि कमिटीवर कोण आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

इथंच मला यजमानांबद्दल थोडं बोलायचंय. माणूस चांगला आहे यात शंका नाही. रात्री पावसात छत्री घेऊन नाल्यापर्यंत जाणारे आपल्या गावागावांत किती उरलेत? पण चांगुलपणा त्यांचा आणि भाकऱ्या तुमच्या, अशी वाटणी झालीय. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट त्यांना तोंडपाठ असेल. एकदा पैशांकडं बघून वाचायला सांगा. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटलेला माणूस त्याला सापडला. त्यानं जखमांवर स्वतःचं तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवलं आणि नेलं कुठं? घरी नाही नेलं. उतारशाळेत नेलं. ती रात्र स्वतः त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला. दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात ती ठरलेली दिसते. म्हणजे दोन दिवसांची कमाई रोख दिली, वरचा खर्च अंगावर घेतला आणि आपल्या कामाला निघून गेला. येशूनं या माणसाकडं बोट दाखवून 'तूही तसंच कर' म्हटलंय. तेव्हा परक्याला घरातच ठेवलं तरच तो पाहुणचार, असं कुठंही लिहिलेलं नाही. दोन महिन्यांसाठी गावात एखादी खोली भाड्यानं बघून पेन्शनमधून भाडं भरलं, तर तेही शोमरोन्याचंच काम होईल. फक्त त्यात कष्ट यजमानांच्या खिशाला पडतील.

आधार कार्डाबद्दल. मंडळीच्या सुरुवातीच्या काळातही ओळखीचे कागद चालायचे. पौल करिंथकरांना लिहिताना शिफारसपत्रांचा उल्लेख करतो, आणि रोमकरांच्या पत्राच्या शेवटी फीबी नावाच्या बहिणीची ओळख करून देऊन तिला नीट उतरवून घ्या म्हणून सांगतो. त्याहून मजेशीर एक जुनी पुस्तिका आहे, 'दिदाखे' नावाची, म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची, बायबलमध्ये नसलेली. शेकडो वर्षं ती हरवल्यातच जमा होती. 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका हस्तलिखितात ती सापडली आणि 1883 मध्ये छापली गेली. तिच्यात पाहुण्यांचे नियमच घालून दिलेत. प्रभूच्या नावानं येणाऱ्या प्रत्येकाला घ्या, मग पारखून बघा. वाटसरू असेल तर दोन दिवस, गरज असेल तर तीन. फिरता प्रेषित तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजा! कुणाला तुमच्यातच स्थायिक व्हायचं असेल आणि हाताला कसब असेल, तर त्यानं काम करावं आणि खावं. ज्या लोकांनी अतिथिप्रेमात देवदूतांचा पाहुणचार नकळत घडतो हे वचन जपलं, त्याच काळातल्या लोकांनी हे नियमही केले. आयत्या बिळावर नागोबा त्यांनाही भेटले असणारच.

तेव्हा आधारची झेरॉक्स खुशाल घ्या आणि गावच्या बीट पोलिसाला सांगून ठेवा. त्यात त्या माणसांचीही सोय आहे. उद्या गावात कुठं एखादी मोटर चोरीला गेली तर पहिला संशय त्यांच्यावर येणार, तेव्हा हे कोण, कुठले, कधीपासून आमच्याकडं आहेत हे आधीच नोंदवलेलं असलेलं बरं. कागद मागताना सरळ सांगा की सगळ्यांचेच घेतो. आणि खरंच सगळ्यांचे घ्या, पुढच्या वेळी यजमान स्टँडवरून मराठी बोलणारा कुणी घेऊन आले तरी.

आता भांडणाची गोष्ट. कप.

सासूबाईंच्या समाधानासाठी वेगळे ठेवलेत, असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य ते आहे. खिडकीच्या चौकटीत नाहीतर न्हाणीच्या वळचणीला पालथे घातलेले ते कप मला इथं बसून दिसतात, कारण आपल्या मंडळीतल्या कितीतरी घरांत ते मी बघितलेत. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्या तरी तो कप काही घरातून जात नाही. पोरीला भाकरी देता, जागा देता, पाणी तापवून देता आणि कप वेगळा. ती चार वर्षांची पोरगी आज समजत नसेल. तिच्या आईला पहिल्या दिवशीच समजलंय. ती भांडी घासायला का पुढं येते आणि तुम्ही नको का म्हणता, यात पाहुण्याला काम कसं सांगायचं हा संकोच किती आणि आपल्या भांड्यांना हात लागू नये हा भाग किती, हे तुमचं तुम्ही बघा. मी इथून सांगू शकत नाही.

या एका बाबतीत शास्त्रात पळवाट नाही. गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात, ज्या पेत्राचं वचन तुम्हाला ऐकवलं जातं, त्याच पेत्राला पौलानं अंत्युखियात सगळ्यांसमोर तोंडावर खडसावलं. कारण काय? परजातीच्या लोकांबरोबर तो आधी जेवत होता आणि याकोबाकडची माणसं आल्यावर भिऊन वेगळा बसायला लागला. सासूबाईंच्या भीतीनं वेगळे ठेवलेले कप याच जातीचे. गंमत म्हणजे हाच पेत्र यापूर्वी यापोत कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी बरेच दिवस मुक्काम करून राहिला होता. त्याला कुणी वेगळं ताट दिल्याचं लिहिलेलं नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्या वयात तो निष्फळ. त्यांचा स्वतःचा कप वेगळा ठेवा, हवं तर चांगला चिनी मातीचा आणून द्या. बाकी सगळे एकाच कपाटात. आणि त्या बाईला भांडी घासू द्या, भाजी निवडू द्या. जागा मोकळी झाली की तिची चूल तिला मांडू द्या, जोंधळ्याचं पीठ आणि डाळ कोरडी द्या. तिला तिच्या हातचं खायचं असेल याचा विचार कुणी केलाय का? यादगीरकडची भाकरी आणि आपली भाकरी यात काही फार अंतर नाही, तरी शेंगाची चटणी ज्याची त्याची असते. मवाबातून आलेली परकी विधवा रूथ बवाजाच्या शेतात आली तेव्हा बवाजानं तिला घरी बसवून वाढलं नाही. सरवा वेचायला तिला मोकळीक दिली, माझ्या गड्यांनी तुला हात लावू नये अशी ताकीद दिली आहे म्हणाला, तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्यातलं पाणी पी म्हणाला, आणि गड्यांना चोरून सांगितलं की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम गळू द्या. दुपारी मात्र आपल्या माणसांच्या पंगतीत बसवून स्वतः हुरडा तिच्या हातात दिला. काम तिचं तिला करू दिलं, आणि जेवायला आपल्यातच बसवलं. तुमच्याकडं याच्या बरोबर उलटं चाललंय.

शेजाऱ्यांचं काय, ते बोलणारच. 'कानडी माणसं' हा शब्द आपल्याकडं किती जड आहे हे मला माहीत आहे. 1956 मध्ये राज्यरचना झाली आणि आपण राहत्या घरात दुसऱ्या राज्याचे झालो, तेव्हापासूनचं ते दुखणं आहे. सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत आपली भाषा शोधत फिरणं काय असतं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावं लागेल, तुमच्या शेजाऱ्यांना नाही. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परक्यावर आपल्यासारखीच प्रीती करा असं सांगून लगेच कारण दिलंय, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. हे कारण सीमाभागात जितकं लागू पडतं तितकं फार थोड्या ठिकाणी पडत असेल. बंगळूरच्या सचिवालयावरचा राग यादगीरहून पोट भरायला आलेल्या गवंड्याच्या पोरीवर काढायचा, याला काही अर्थ नाही. त्या माणसानं आपल्या शाळेची मराठी बंद केलेली नाही. शेजारणीला एवढं सांगा की ऑगस्ट 2019 च्या पुरात निपाणी-चिकोडीकडची माणसं शाळांत आणि मंगल कार्यालयांत जाऊन राहिली, तेव्हा भात वाढणाऱ्यानं भाषा विचारली नव्हती. तरीही ती बोलली तर बोलू दे. उद्या तिचं काम अडलं की येईलच पीठ मागायला.

राहिला जा म्हणण्याचा प्रश्न. जा म्हणू नका, वाटेला लावा. योहानाचं तिसरं पत्र एवढंसं आहे, एका बैठकीत वाचून होतं. त्यात गायस नावाचा एक भला गृहस्थ आहे, परक्या भावांना घरी घेणारा. योहान त्याचं कौतुक करतो आणि पुढं म्हणतो, देवाला शोभेल अशा रीतीनं त्यांना पुढच्या प्रवासाला लाव. अब्राहाम पाहुण्यांबरोबर चालत गेला तेही हेच. पाहुणा निघताना त्याची पुढची सोय बघणं, हे पाहुणचारातच धरलंय.

ही माणसं हवेतून आली नाहीत. ती कुणाच्या तरी कामावर आहेत. घरामागं इमारत उभी राहतेय, तिचा ठेकेदार आहे, वर मालक आहे. दहा किंवा जास्त मजूर असतील तर कामाच्या जागी किंवा जवळपास मजुरांना राहायची तात्पुरती सोय ठेकेदारानं फुकट करून द्यायची, हे 1996 च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं. नाल्याच्या तोंडाला चार पत्रे ठोकणं म्हणजे सोय नव्हे. आज त्या ठेकेदाराचं काम तुमचा सोपा फुकट करतोय आणि तो निवांत आहे. यजमानांना, पाळकसाहेबांना आणि कमिटीतल्या आणखी एकाला घेऊन त्याच्याकडं पाठवा. एकटे नकोत. निवृत्त गुरुजी, पाळक आणि गावातला एखादा पुढारी असे तिघं दारात उभे राहिले की ठेकेदाराला उंचावरची जागा बरोबर सापडते. तो मजूर स्वतः बोलू शकत नाही, उद्या कामावरून काढतील याची त्याला भीती. तुमच्या यजमानांना ती भीती नाही. नाही म्हणता येत नाही असा त्यांचा स्वभाव असेल, तर इथं त्यांनी फक्त मागायचंय.

जोवर आहेत तोवर पोरीला अंगणवाडीत घाला. गावात कुठल्या भाषेची आहे ते बघा, पोरं आठवड्यात दोन्ही शिकतात. रेशन कार्ड असेल तर इकडच्या दुकानातही धान्य उचलता येतं, तेही विचारून घ्या. आणि त्या बाईला तुम्ही स्वतः सांगा, कानडीतच सांगा. संध्याकाळी चहा घेता घेता, 'ऊटा आत्री?' म्हणजे जेवण झालं काय, एवढ्यावर न थांबता, खोप तयार होतेय, तुमची चूल तिथं मांडा, ठेकेदाराशी बोलणं चाललंय, दसऱ्यापर्यंत तुमची दुसरी सोय करून देऊ. मुदत आधीच ठरलेली असली की दोन्हीकडची घुसमट कमी होते. तिला ते ऐकून वाईट वाटेल असं मला वाटत नाही. रोज दुसऱ्याच्या सोप्यातली अंथरुणं गुंडाळताना तिच्याही मनात हाच प्रश्न असणार, कधीपर्यंत?

मुलीला मावशीकडं पाठवू नका. धाकट्याची झोपायची जागा बदलली की तिला तुम्हीच फोन करून सांगा, बाबांना सांगायला लावलंत तर ते आणखी एक वचन ऐकवतील.

यजमानांना हे पत्र वाचायला द्यायला माझी हरकत नाही. ठेकेदार काय म्हणाला ते मात्र कळवा. त्यानं टोलवाटोलवी केली तर कामगार खात्याच्या ऑफिसात अर्ज कसा लिहायचा, कुणाच्या सह्या घ्यायच्या, ते पुढच्या वेळी सांगते.

– अक्का